वलगावची सोयरीक

"शेंगदाणे जळके असतील, पाहशील तू," बंडूवकील स्टिअरिंगशी बोलल्यासारखे पुटपुटले. "या लोकांच्या पोह्यांत नेहमी जळकेच असतात. अन् नाही म्हणायची सोय नाही."

कुंदा शेजारी बसली होती, मांडीवर पिशवी. पिशवीत नारळ, पेढ्यांचा पुडा, खण आणि एक मोरपंखी साडी. अकोला सोडल्यापासून ती वाट पाहत होती, की हे आता काहीतरी बोलतील. बोरगाव मंजू गेलं, मूर्तिजापूर गेलं. नवऱ्यानं टोलवर मत दिलं, पुढच्या कापसाच्या ट्रकवर दिलं, फेब्रुवारीतच एवढं ऊन कसं यावर दिलं, आणि आता शेंगदाण्यांवर. आपण कुठं चाललोय आणि कशासाठी हे ज्या माणसाला पुरतं ठाऊक आहे, त्याला शेंगदाणे सुचतात कसे, असं तिच्या मनात आलं. मग वाटलं, ठाऊक आहे म्हणूनच सुचत असतील. तिला तरी काल दुसरं काय सुचलं होतं? दुकानात दोन साड्या पुढ्यात घेऊन ती बराच वेळ बसली होती, मोरपंखी की आंब्याच्या रंगाची. पोरीचा रंग कसा आहे, दुकानदारानं विचारलं. तिनं सवयीनं सांगून टाकलं, गहूवर्णी. जिला कधी पाहिलं नव्हतं त्या पोरीचा रंग तिनं सांगितला आणि साडी घेतली. पायऱ्या उतरून ती समोरच्या रसवंतीत शिरली. ऊन होतं, तिनं उसाचा रस घेतला. रस गोड लागला, याचाही तिला राग आला.

घरात त्या गोष्टीला नाव नव्हतं. बंडूवकील त्याला 'ते मॅटर' म्हणत, ईशान 'मिसअंडरस्टँडिंग' म्हणे आणि कुंदा काहीच म्हणत नसे. अमरावतीच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात ईशान तिसऱ्या वर्षाला होता, तिथल्या तक्रार निवारण समितीच्या मॅडमचा फोन आला होता. आवाज बाईचा, पण सरकारी. रागिणी नावाच्या विद्यार्थिनीनं तुमच्या मुलाविरुद्ध तक्रार केली आहे, सोमवारी सुनावणी आहे, तोवर त्यानं कॉलेजात यायचं नाही आणि मुलीशी कोणी कसलाही संपर्क साधायचा नाही. काय तक्रार, हे मॅडमनं सांगितलं तेव्हा फोन स्पीकरवर होता. बंडूवकिलांनी पुढं होऊन आवाज बारीक केला. स्वयंपाकघरातून कुंदाला तेवढंच दिसलं, अंगठा बटण दाबतोय. त्यांची मुलगी जुईली पुण्यात होती. तिला कोणी सांगितलं कोण जाणे. तिनं आईला फोन केला. म्हणाली, "आई, तू त्याला विचारलंस का?" कुंदानं सांगितलं, कुकर झालाय, नंतर बोलू.

आणि गंमत अशी, गंमतच म्हणायची, की या विषयातले जाणकार घरातच होते. बंडूवकील वर्षातून तीन-चार कॉलेजांत महिलांविषयक कायद्यांवर व्याख्यान देत. शेवटी शाल आणि नारळ मिळे. शाली कपाटात, नारळ चटणीला. आत्ता पिशवीत होता तो नारळसुद्धा महिनाभरापूर्वीच्या अशाच एका शिबिरातला. सकाळी देवघराखालून तिनंच काढला, हलवून पाहिला, पाणी आहे म्हणून घेतला. आता गाडीनं खड्डा घेतला की ते पाणी तिच्या मांडीवर डुचमळत होतं.

सोयरिकीची कल्पना त्यांचीच. चार दिवस ते घरात येरझारा घालत होते, कोणाकोणाला फोन लावत होते. मग एका सकाळी दाढी करता करता त्यांना ते सुचलं आणि अर्ध्या चेहऱ्याला फेस तसाच ठेवून ते बाहेर आले. लग्नच ठरवून टाकू. पोरीनं लेखी मागे घेतलं की मॅटर संपलं, आणि ठरलेल्या नवऱ्याविरुद्ध कोण पोलिसात जातं? कुंदानं विचारलं, संपर्क करायचा नाही असं सांगितलंय ना. तर म्हणाले, आपण पोरीशी संपर्क कुठं करून राहिलो? आपण तर तिच्या बापाकडं सोयरीक घेऊन जाऊन राहिलो. आणि मग आवाज जड करून म्हणाले, की भिक्षुकाच्या घराण्यातला माणूस माळ्याच्या दारात नारळ घेऊन जातोय, जातपात बाजूला ठेवून; एवढं मोठं मन आजकाल कोण करतं. त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. कुंदानं टॉवेल दिला. तेवीस वर्षांच्या वकिलीत त्यांनी अशा किती तडजोडी लावल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी ते घरी असेच, स्वतःवरच गहिवरलेले यायचे. तेव्हा ती चहा टाकायची. आपण कशाकशावर चहा टाकत आलो, असं तिला आता बडनेऱ्याच्या फाटकाजवळ वाटलं आणि तिनं काच खाली केली. गरम वारा आला. "एसी चालू आहे," ते म्हणाले. तिनं काच वर केली.

ओळख काढली ती डोमाजीच्या मार्फत. डोमाजी अकोल्याच्या बाजारात फुलं विकायचा, चतुर्थीला हार-दूर्वा घरी पोचवायचा, आणि माल आणायचा पोरीच्या बापाकडून, वलगावच्या गोवर्धनकडून. म्हणजे इतकी वर्षं आपल्या देवाला याच पोरीच्या वावरातली फुलं वाहत होतो. ती फुलं तिनंच तोडली असतील का? डोमाजीला काही माहीत नव्हतं. त्याला सांगितलं, मुलानं कॉलेजात पाहिली, मनात भरली. त्याला एवढा आनंद झाला, की निघता निघता तो कुंदाच्या पाया पडला.

विचारलंस का, विचारलंस का. जुईलीचा आवाज रस्त्याच्या कडेच्या संत्र्यांच्या ढिगांतून मागं मागं जात होता. जुईली बारावीनंतर बाहेर पडली तेव्हा कुंदानं तिच्या सामानात काय काय घातलं होतं. मिरचीच्या पुडीची बाटली, पर्सच्या आतल्या कप्प्यात. सेफ्टी पिना, मोठ्या. रिक्षात बसलीस की नंबर पाठव, खोलीवर पोचलीस की फोन कर, प्यायला कोणी दिलं तर नको म्हण, सरांच्या केबिनमध्ये दार उघडं ठेव. पोरगी वैतागायची. ईशान गेला तेव्हा सामानात लाडू घातले. हेल्मेट घाल म्हणाली. जेवत जा म्हणाली. आणखी काय सांगणार होती? मुलगा होता, त्याला कोण काय करणार, असं वाटलं असेल. त्याच्या हातून कोणाला काय होईल, हा प्रश्न लाडूंच्या डब्याजवळ आलाच नाही. कुंदाला तरी तिच्या आईनं कुठं सांगितलं होतं काही? मे महिन्यातल्या दुपारी अख्खं घर कूलरच्या खोलीत निजायचं, वाळ्याचा ओला वास, पाण्याची टपटप, एका सतरंजीवर पाहुण्यारावळ्यांची पोरंबाळं. बुलढाण्याकडचे एक काका यायचे. सगळ्यांना कोडी घालायचे, खडीसाखर द्यायचे. एका दुपारी आईनं येऊन तिला झोपेतून उचललं आणि भिंतीकडे, स्वतःच्या पलीकडे निजवलं. बोलली नाही. नंतर ते काका आले की आई आधीच मध्ये आडवी व्हायची. आईचा तेवढाच बंदोबस्त, अंगानं केलेला. त्या काकांना कोणी काही म्हणालं नाही. त्यांच्या तेराव्याला आईच पुरणाला उभी होती. सतरंजीवरच्या दुसऱ्या पोरी कुठं निजल्या असतील, हे कुंदाच्या कधी मनातच आलं नव्हतं. आज आलं.

विचारलं होतं तिनं. जुईलीला ते सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही. समितीचा फोन येऊन गेल्यावर ईशान स्वयंपाकघरात ताटावर बसला होता, ती ओट्याशी पोळ्या लाटत होती, त्याच्याकडे पाठ. तोंड पाहून विचारवलं नसतं. "ती नको म्हणाली होती का रे?" तव्यावर पोळी फुगत होती. त्याचा आवाज आला, भरल्या तोंडाचा, अगदी रोजचा. "म्हणाली ना. रडली पण. पण आई, पोरी पहिले नकोच म्हणतात." आणि मग म्हणाला, अजून एक वाढ. तिनं वाढली. वर तूप सोडलं, बोटानं सगळीकडे पसरलं, जसं तो लहान असल्यापासून पसरत आली होती. तो जेवून उठला, ताट सिंकमध्ये ठेवलं. चांगल्या सवयीचा मुलगा, सगळे म्हणत. तेव्हापासून तिच्या आत एक माणूस सारखा उठत होता आणि बसत होता. रात्री कूस बदलली की तो उठे. देवापुढं हात जोडले की उठे. आणि तरीही सकाळी तिनं भाजी निवडली, साडी निवडली, आणि गाडीत येऊन बसली. सोमवार म्हणजे उद्या. उद्या समितीपुढं ईशान म्हणणार होता, तिची संमती होती; तसं वकिलांनी घोटून घेतलं होतं त्याच्याकडून, आणि ते घोटताना गॅदरिंग, स्टेजमागची खोली, फुलं, आतून लावलेली कडी, सगळं कुंदाच्या कानावर पडलं होतं. ती पोरगी म्हणणार, नव्हती. दोघांचं दोघांना ठाऊक. तिसऱ्या कोणाला खरं माहीत नव्हतं, एका कुंदाशिवाय. आणि ती या बाजूच्या सीटवर होती.

अमरावती ओलांडून वलगावचा रस्ता लागला. दुतर्फा शेवंतीचे वाफे, पिवळे, पांढरे. लग्नसराई होती. गोवर्धनचं घर वावराला लागूनच, सिमेंटचं, पुढं पत्र्याची पडवी. पडवीत फुलांचा ढीग बाजूला सारून प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. गोवर्धन धावतच गाडीपाशी आला. त्याच्या नव्या शर्टावर घडीच्या रेघा तशाच होत्या. त्यानं वकिलांच्या हाताला हात लावून तो कपाळाला लावला. मागं त्याची म्हातारी आई पार्बताबाई, आणि दाराआड पदर सावरत पोरीची आई. कुंदा त्या तिघांच्या चेहऱ्यांत शोधत होती. राग, रडून सुजलेले डोळे, निदान एक तिरकी नजर. गाडीत तिनं त्याचीच तयारी केली होती. ते शिव्या देतील, आपण मान खाली घालू. पण पार्बताबाई हसत होती. दात नव्हते, सगळं तोंड हसत होतं. "या माय, या. एवढे मोठे लोक आमच्या दारी, आमाले तं खरंच वाटून नाई राह्यलं." आणि तिनं कुंदाच्या पायांवर तांब्यानं पाणी घातलं.

तेव्हा कुंदाला कळलं. घरी माहीतच नव्हतं. पोरीनं समितीला सांगितलं होतं, घरी नव्हतं सांगितलं. आणि आपण नारळ घेऊन आलो, आणि हे पाहुणे म्हणून पाय धुऊन राहिले. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनाही कळलं होतं. आधी क्षणभर चपापले, मग त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला, कोर्टात अनपेक्षित तारीख मिळाल्यावर व्हायचा तसा. ते खुर्चीत ऐसपैस टेकले.

बोलणी सुरू झाली. गोवर्धन भरभरून सांगत होता. पोरगी हुशार, घरातली पहिली एवढी शिकलेली. कॉलेजही चांगलं, पोरींना लई जपतात. आता तर सगळ्या पोरींना शिट्ट्या वाटल्या, कराटेवाला मास्तर आणला, आणि पाच वाजले की पोरी गेटाबाहेर. वकील मान डोलावत म्हणाले, असं पाहिजे, जागरूकता पाहिजे. गॅदरिंगचं स्टेज रागिणीनंच सजवलं म्हणे, आपल्याच वावरातल्या शेवंतीनं, वॅनभर माल तिच्यासंगं धाडला होता. त्या दिवसापासून जरा आजारी आहे, अंग दुखते म्हणते, कॉलेजात जात नाही, आज इथं येऊन बसायलाही तयार नव्हती. आजीनं गळ घातली तेव्हा उठली. "माळा करू करू हात भरून आले असतीन," गोवर्धन म्हणाला. "माह्यच चुकलं. मदतीले मानूस द्याले पायजे होता संगं."

पडवीच्या पत्र्याखाली ऊन कोंडलं होतं. फुलांचा वास होता, ओल्या पोत्यांचा, थोडा कुजल्यासारखा. कुंदानं पिशवी घट्ट धरली. आतला माणूस उठून उभा राहिला होता आणि बसत नव्हता. ओरडावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी ईशानचे लहानपणीचे पाय आठवत होते, बुटाच्या लेसा बांधताना तिच्या मांडीवर ठेवलेले. हे दोन्ही एकाच छातीत कसं राहतं? सांगितलं तर तो तुरुंगात जाईल. नाही सांगितलं तर ही पोरगी आपल्या घरात येईल, त्याच स्वयंपाकघरात, त्याच ओट्याशी पोळ्या लाटायला, आणि तो ताटावरून म्हणेल, अजून एक वाढ.

आतून रागिणी आली. आईची असावी अशी जरीची साडी, खांद्याला पिना लावलेल्या. हातात पोह्यांचा ट्रे. रंग गहूवर्णी नव्हता, सावळा होता. अकोल्याचे कोणी वकील, एवढंच तिला सांगितलेलं दिसलं, कारण कंटाळलेल्या, आजारी माणसासारखी ती आली, ट्रे ठेवला, बश्या दिल्या. वकील मोठ्यानं म्हणाले, "आमचा ईशान येणार होता, पण म्हटलं आधी वडीलधाऱ्यांनी बोलावं." पोरीचा हात कुंदाच्या बशीवरच थांबला. कुंदानं बशी धरली होती, पोरीनं सोडली नव्हती.  मग पोरीनं बशी सोडली आणि आजीनं दाखवलेल्या पाटावर जाऊन बसली. पाय जवळ ओढून, पदर दोन्ही मुठींत. ओरडली नाही. कुंदाला वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. वकिलांनी पोहे तोंडात टाकले. शेंगदाणे जळके नव्हते.

"इचारा माय काई," पार्बताबाई कुंदाला म्हणाली. "पोराच्या मायनंच पयले इचारा लागते, आमच्यात तसंच हाये."

सगळे कुंदाकडे पाहू लागले. तिच्या वेळी तिला सासूनं सुईत दोरा ओवायला लावला होता, नजर बघायला. ओवला होता तिनं, एका झटक्यात. सगळे वा वा म्हणाले होते आणि तिलाही अभिमान वाटला होता. आता ती काय विचारणार? नाव? शिक्षण? स्वयंपाक येतो का? या पोरीला विचारायचा असा एकच प्रश्न होता, आणि तो ज्यानं विचारायला हवा होता त्यानं तो विचारला नव्हता. उत्तर मिळालं होतं तरी ऐकलं नव्हतं. तिनं बशी खाली ठेवली. 

"मी काय विचारू," ती म्हणाली. "तुला काही विचारायचं असेल, तर तू विचार मला."

वकील हसले. "आमच्या या जरा मॉडर्न आहेत." गोवर्धनही हसला, काय करावं न कळून. पार्बताबाई नाही हसली. ती नातीकडे बघत होती.

रागिणीनं मान वर केली. तिनं वकिलांकडे पाहिलंच नाही. कुंदाकडे पाहिलं, सरळ, इतका वेळ, की कुंदाला आपला चेहरा उघडा पडल्यासारखा वाटला.

"काकू," ती म्हणाली, "तुमाले मालूम हाये?"

"हो," कुंदा म्हणाली.

"काय मालूम हाये?" गोवर्धन म्हणाला. वकील उठले. उशीर होतोय, अकोल्याला पोचायचंय, बाकीचं फोनवर बोलू, असं ते घाईघाईनं म्हणत होते आणि त्यांचा हात कुंदाच्या दंडावर आला होता, वरून हलका, आतून घट्ट. गोवर्धन एकदा पाहुण्यांकडे, एकदा पोरीकडे बघत होता. काय झालं, बोल ना बाप्पा, काय झालं, असं तो पुन्हा पुन्हा विचारू लागला.

"मी नाई सांगत," रागिणी म्हणाली. तिचा आवाज फुटत होता, पण ती थांबली नाही. "मी सांगतलं तं तुमी मलेच इचारसान, का तू त्या खोलीत गेली काऊन. काकूले सांगू द्या. त्यायले कोनी नाई इचारनार."

 कुंदानं दंडावरचा हात काढला. एकेक बोट सोडवावं लागलं. मग ती उठून उभी राहिली. बसून सांगता येईल असं तिला वाटलं नाही.

"गोवर्धनभाऊ, गॅदरिंगच्या दिवशी ही स्टेजमागच्या खोलीत फुलं ठेवायला गेली होती. माझ्या पोरानं आतून कडी लावली. ही नको म्हणाली, रडली. त्यानं ते ऐकलं होतं. हे त्यानं स्वतःच्या तोंडानं मला सांगितलंय, जेवता जेवता. आम्ही सोयरीक घेऊन नाही आलो, तिनं तक्रार मागं घ्यावी म्हणून आलो. ईशाननं हिच्यावर बलात्कार केला. उद्या समितीपुढं मी हेच सांगणार आहे, याच शब्दांत."